बिनसाखरेची पुरणपोळी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी काका-काकूंचा कुत्रा हॉलमधून चालता चालता मागच्या पायांनी घसरला आणि मी हसले. नुसती हसून थांबले असते तर ठीक, पण मी त्याची नक्कल केली. मागचे दोन पाय भाड्याने आणल्यासारखे ओढत सोफ्यापासून टीव्हीपर्यंत चालून दाखवलं. काकू तोंडाला पदर लावून हसल्या. काका आमटीची वाटी बाजूला ठेवत म्हणाले, "तूप चढलंय साहेबांना."

त्यानंतर त्या घरात बरेच दिवस कोणी हसलं नाही.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते, सिडकोत. गाव माझं सटाणा. शाळा, कॉलेज सगळं तिकडेच झालं. शाळेत हेडसरांचा आवाज काढून एकदा अख्खा वर्ग लवकर घरी पाठवला होता, तेवढाच काय तो माझा शैक्षणिक पराक्रम. आता नाशकात त्याच गोष्टीचा पगार मिळतो. रिक्षाच्या टपावर भोंगा लावून जाहिराती फिरवतात ना, साड्यांचा सेल, दातांचा दवाखाना, गादी कारखाना, त्यातला आवाज माझा असतो. बाईचाही माझा आणि बाप्याचाही माझा. मालकाला एका पगारात जोडपं मिळालंय.

खाली काका-काकू. काका अंबडच्या कंपनीतून रिटायर झालेले. मुलगी बंगलोरला. घरात तिसरा तो, पांढरा, केसाळ, पोटाने गोल, काळ्या नाकाचा. त्याला सगळे बाळच म्हणतात. काका म्हणतात, काकू म्हणतात, दूधवालाही "बाळ कुठंय?" असंच विचारतो. म्हातारा झाला तरी बाळच.

तर या बाळाचं वजन वाढलं होतं. थंडीत इंजेक्शनला नेलं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी काकांना चांगलंच झापलं. बिस्किटं बंद, गोड बंद, नाहीतर गुडघे जातील. काकांना कित्येक वर्षांपासून शुगर आहे, रोज पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेतात. त्यांच्या डॉक्टरने त्यांना हेच सांगितलेलं, गोड बंद, नाहीतर हे जाईल, ते जाईल. काका घरी आले ते एकदम खुशीत. म्हणाले, "चला, पथ्याला जोडीदार मिळाला."

तिथून ते दोघं एका पंगतीला बसले. काकांनी जे सोडलं ते बाळानेही सोडलं. काकांना जे चालतं ते बाळालाही चालतं. चहात साखर नाही, मग बाळाच्या दुधात पण नाही. काकांना संध्याकाळी डाएट चिवडा, बाळाला त्यातला मूठभर. आजार एक म्हणजे पथ्य एक. सगळ्यांना हे इतकं सरळ वाटत होतं, की मलाही वाटलं. मी तर काका आणि बाळ दोघांचं बोलणं करून दाखवायचे, "काय मग, आज फास्टिंग किती आली?" आणि बाळ माझ्याकडे बघून मान वाकडी करायचा.

आखाजीच्या आधी मुलीने बंगलोरहून पार्सल पाठवलं. पांढरं, दाणेदार, हुबेहूब साखर. पाकिटावर हिरवं पान काढलेलं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, ही झाडापासून काढलेली साखर आहे. बाबांना चालते. साखरेइतकीच घालायची, पुरणसुद्धा होतं हिचं."

काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा गुळाशिवाय पुरण घातलं. त्याला रंगच येईना. सैलच राहिलं, पोळी लाटताना बाहेर यायचं. आणि खाल्लं की जिभेला गार लागायचं, कोणी पुरणात पुदिना वाटून टाकल्यासारखं. पण गोड होतं. काकांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. किती वर्षांनी ते पोटभर पुरणपोळी खात होते, कोण जाणे. बाळ त्यांच्या मांडीला नाक लावून बसला होता. काकू म्हणाल्या, "आज त्यालाही चालते. साखर नाहीच ना." आणि त्यांनी दोन पोळ्यांचे बारीक तुकडे केले, वर तूप सोडलं, फुंकर मारून मारून गार केले आणि एकेक करून हाताने भरवले.

मग तो उठला आणि घसरला.

घसरल्यावर त्याने आधी ओकारी काढली. पिवळं पुरण जसंच्या तसं. काकू म्हणाल्या, "ऊन बाधलं याला." बाहेर ऊन होतंच तसं, गॅलरीच्या फरशीवर पाय टेकत नव्हता. त्यांनी कांदा किसला आणि त्याचा रस बाळाच्या चारी तळव्यांना चोळला. आमच्याकडेही असंच करतात, त्यामुळे मीच किसणी आणून दिली होती. बाळ एरवी पायाला हात लावू देत नाही. त्या दिवशी त्याने लावू दिला. तेव्हा मी त्याच्याजवळ खाली बसले.

तो कूलरसमोर आडवा झाला आणि थरथरायला लागला. थंडी वाजते तसं नाही. आतून कोणीतरी मोबाइल व्हायब्रेटवर टाकल्यासारखं. डोळे उघडे, पण मी समोर हात हलवला तर बुबुळं हलेनात. घाबरले की माझी सटाण्याकडची बागलाणी बोली बाहेर पडते. मी त्याला म्हणत होते, "ऊठ ना रे भाऊ, काय करी ऱ्हायना तू." काकू देवघरातून अंगारा घेऊन आल्या.

काका मात्र तसेच उभे राहून त्याच्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "हे माझ्यासारखं होतंय."

"म्हणजे?"

"मागे सुई घेतली आणि जेवायला उशीर झाला तेव्हा मला झालं होतं ना. असंच. हातपाय कापायचे, समोरचं दिसायचं पण कळायचं नाही."

काकू म्हणाल्या, "अहो, ती तुमची शुगर. कुत्र्याला कुठली शुगर."

काकांनी फ्रिजवरून आपलं शुगर तपासायचं मशीन काढलं. त्यांना काय करायचंय ते लक्षात आलं तशा काकू मध्ये आल्या. "त्याला टोचू नका. आधीच त्याचा जीव काय झालाय."

"बाजूला हो ना जरा."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही, पेशंट आहे," काका म्हणाले आणि बाळाचा कान उलटा करून कडेला टोचलं. बाळ ओरडला नाही. ओरडायला पाहिजे होता. तो न ओरडण्याचा जो आवाज होता, तो मला अजून काढता येत नाही, आणि काढायचाही नाही.

रक्ताचा थेंब पट्टीला लागला. आम्ही तिघं मशीनवर वाकलो. आकडा आलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली, एल आणि ओ. लो.

काकांनी मशीन माझ्यापुढे धरलं. "मशीनला मोजता येत नाही इतकी खाली गेलीये."

"पण आत्ता तर एवढं गोड खाल्लंय त्याने," काकू म्हणाल्या. "खाली कशी जाईल?"

"गोड खाल्लंय. साखर कुठे खाल्लीये?"

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. सणाचा दिवस, उचलतील की नाही वाटत होतं. उचलला. मागे ताटवाट्यांचा आवाज. मी एका दमात सांगितलं, ओकारी, थरथर, मशीन.

"काय खाल्लंय त्याने?"

"पुरणपोळी."

"मी गोड बंद सांगितलं होतं ना."

"बिनसाखरेची होती मॅडम."

"गुळाची?"

"गूळ पण नाही."

"मग गोड कशाने झाली?"

मी स्वयंपाकघरात पळाले. पाकीट डब्यांच्या मागे होतं, तोंडाला कपड्यांचा चिमटा लावलेलं. मागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचायला लागले. माझं इंग्रजी म्हणजे सेलच्या जाहिरातीपुरतं. अडखळत वाचलं, "झाय... झायलिटॉल."

फोनवर त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांनी घाईघाईने बोलायला हवं होतं असं मला वाटत होतं, पण त्या एकदम सावकाश बोलल्या.

"घरात मध आहे? नसेल तर साखरेचं पाणी. बोटाला लावून त्याच्या हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, श्वासात जाईल. नुसतं चोळायचं. आणि निघा. मी क्लिनिकला पोचते."

घरात साखर नव्हतीच. मध होता, देवाच्या पंचामृतासाठी आणलेला, छोटी बाटली. काकूंनी ती उघडायचा प्रयत्न केला, झाकण चिकटलेलं. मी दाताने उघडलं. काका बाळाचा ओठ वर करून हिरड्यांना मध चोळत राहिले. हिरड्या पांढुरक्या दिसत होत्या. जीभ हलली नाही.

रिक्षा शोधायला वेळ कुणाला होता. माझी स्कूटी काढली. मागे काका, त्यांच्या मांडीत टॉवेलात गुंडाळलेला बाळ, एका हातात मधाची बाटली. काकूंना न्यायला जागाच नव्हती. त्या गेटला धरून उभ्या राहिल्या, पायात चप्पलही नाही.

क्लिनिक गंगापूर रोडला. सणाच्या दिवशी रस्ता मोकळा असेल वाटलं होतं, पण सगळं नाशिक सोनं आणि आंबे घ्यायला बाहेर पडलेलं. त्रिमूर्ती चौकात अडकलो. मी आरशात बघायचा प्रयत्न करत होते, पण त्यात नुसता काकांचा खांदा दिसायचा.

"काका, कसाय तो?"

"आहे."

थोड्या वेळाने परत विचारलं.

"आहे गं. गाडी बघ समोर."

उंटवाडीच्या सिग्नलला काका म्हणाले, "याचा कान हलत नाहीये. मी फुंकतोय तरी." त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता. मग म्हणाले, "तू आवाज काढ."

"कोणाचा?"

"भंगारवाल्याचा."

आमच्या गल्लीत भंगारवाला आला की बाळाचं डोकं फिरतं. गेटपर्यंत धावतो, उड्या मारतो, गाडी वळेपर्यंत थांबत नाही. मी वर खोलीतून तो आवाज काढला तरी फसतो, कितीदा फसवलंय मी त्याला. पण ते घरी. इथे भर सिग्नलला, चारी बाजूंनी माणसं.

मी काढला. "ए भंगाऽऽर. रद्दी, पत्रा, पलास्टिक, जुनं लोखंऽऽड."

सगळे बघायला लागले. शेजारच्या बाइकवरचा माणूस म्हणाला, "ताई, जुना कूलर आहे, घेता का?" एरवी मी त्याला कूलरसकट उचललं असतं. तेव्हा मला त्याचं काहीच हसू आलं नाही. मी फक्त मागे कान लावून होते.

"हलला," काका म्हणाले. "थोडा हलला. परत काढ."

मी क्लिनिकपर्यंत भंगार गोळा करत गेले. शेवटी शेवटी आवाज फुटला, नुसती हवा यायला लागली, तरी काढत होते. थांबले आणि तोही थांबला तर, एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टरीणबाई सणाच्या साडीतच शटर उघडत होत्या. त्यांनी बाळाला टेबलावर घेतलं, पायाचे केस भादरले, सुई लावली. बाटलीतून थेंब थेंब सलाईन. काकांनी विचारलं, "काय आहे यात?"

"साखर."

काका त्या बाटलीकडे बघत राहिले.

बाईंनी नाक वाकडं केलं. "कांद्याचा वास कुठून येतोय?"

मी सांगितलं. त्यांनी ओल्या कापसाने चारी पाय पुसायला सुरुवात केली. "शुद्धीवर आला की आधी पाय चाटणार हा. कांदा यांना चालत नाही. रक्ताला त्रास होतो."

"कांदासुद्धा?" काका म्हणाले.

थरथर कमी होत होती. पण बाईंचा चेहरा सैल होत नव्हता, आणि मी बाळाऐवजी त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत होते. काकांनी विचारलं, "मला कसं काही झालं नाही? मी चार पोळ्या खाल्ल्या."

"माणसाला नाही होत काही. तुम्हाला ती खरंच चालते. कुत्र्याच्या अंगाला वाटतं खरी साखर आली. मग ते इन्सुलिन सोडतं, ढिगाने. साखर तर आलेलीच नसते, मग जी असते तीही संपते."

"म्हणजे माझ्यात जे येत नाही, ते याच्यात एकदम आलं."

"तसंच समजा."

"मग आता वाचला ना?"

बाईंनी पाय पुसणं थांबवलं. "शुगर आपण वर ठेवू. पण यामुळे लिव्हर जाऊ शकतं. ते आज कळणार नाही. दोन-तीन दिवस रोज रक्त तपासायचं."

काका स्टुलावर बसले. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. शाळेत न केलेल्या अभ्यासाची उजळणी घ्यावी तसं, मान खाली घालून.

"संध्याकाळी चिवडा द्यायचो. डाएटचा होता."

"त्यात तळलेला कांदा असतो, लसूण असतो, मीठ असतं. नाही द्यायचा."

"मनुके? ओळखीच्यांनी दिलेले, पिंपळगावचे. एखाद-दुसरा."

"काका, द्राक्षंच नकोत. मनुके तर अजिबात नकोत. किडनीला धोका."

"नाशिकमध्ये राहून द्राक्षं नाहीत," काका स्वतःशीच म्हणाले. मग, "माझं सर्दीचं चॉकलेट एकदा त्याने पळवलं होतं, पेपरमिंटवालं. शुगर-फ्री."

बाई म्हणाल्या, "त्यातही हेच असू शकतं." काकांनी पुढचं विचारलंच नाही. मला वाटलं, इतके दिवस हा कुत्रा रोज कशाच्या तरी काठावरून चालत होता, आणि आम्ही सगळे वर बसून टाळ्या वाजवत होतो.

काकूंचा फोन आला. मी घेतला. त्यांनी कसाय तो विचारलंच नाही. म्हणाल्या, "मी हाताने भरवलं गं. तुकडे करून. एक तुकडा त्याला गरम लागला, त्याने सोडला, तर मी फुंकून परत दिला."

"काकू, तो झोपलाय. सलाईन चालू आहे."

"पोरीचा फोन आला होता. विचारत होती, जमली का पोळी. मी म्हटलं, छान झाली."

पुढचे दिवस मी कामावर जायचे, पण माइकसमोर उभी राहिले की आवाज चिरका यायचा. मालक म्हणाला, "दातांच्या दवाखान्याची जाहिरात आहे, मयताची नाही." मी चार वेळा रेकॉर्ड केली. सकाळ झाली की काका बाळाला घेऊन क्लिनिकला, दुपारी परत. बाळ चालायला लागला होता, शेपटीही हलवायचा, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. वरून सगळं ठीक आणि आत काय चाललंय कुणाला माहीत. मी जाता येता त्याचे डोळे बघायचे. पिवळे तर नाहीत? बाईंनी सांगितलेलं, पिवळे दिसले तर लगेच फोन करा. एका संध्याकाळी मला ते पिवळे दिसलेच. काकांना हाक मारली. काकांनी ट्यूबलाइट लावली, तर पिवळे नव्हते. पिवळा तो जुना बल्ब होता. काकांनी तो त्याच वेळी काढून फेकून दिला.

घरात उरलेल्या पोळ्या होत्या. काकू कचऱ्यात टाकायला निघाल्या तर काका म्हणाले, "घंटागाडी यायच्या आत पिशवी फाडतात रस्त्यावरची कुत्री. दे इकडे." आणि त्यांनी त्या एकट्याने संपवल्या, जेवणाच्या वेळी नाही, पूर्ण बंद खोलीत, बाळाला बाहेर ठेवून. खाऊन झालं की ताट विसळायचे, मिशा धुवायचे, शर्ट झटकायचे, मग दार उघडायचे. पुरणपोळी खाताना इतकं घाबरलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. मला त्यांची नक्कल येते, मी कधी केलेली नाही.

शेवटच्या तपासणीचा रिपोर्ट दुपारी येणार होता. मी सुट्टी टाकली. तिघं फोनभोवती बसलो, बाळ टेबलाखाली. फोन वाजला तेव्हा काकांनी तो उचलून माझ्या हातात दिला. बाई म्हणाल्या, "लिव्हर ठीक आहे. थोडे आकडे वर होते, खाली यायला लागलेत. आज त्याला साधा भात द्या, मऊ. मीठ नको, काही नको. नुसता भात."

मी सांगितलं. काका बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. काकू उठून भात लावायला गेल्या. तांदळाची पिशवी त्यांनी उलटीपालटी करून वाचली. मग मला वाचायला दिली. मी वाचली, त्यात तांदूळच होता.

भात निवला. बाळ काकूंच्या समोर येऊन बसला, रोज बसतो तसा, पुढचे पाय जुळवून, नाक वर करून. त्याला काहीच आठवत नव्हतं. काकू वाटी घेऊन खाली बसल्या आणि तशाच राहिल्या.

"तू दे गं," त्या मला म्हणाल्या.

मी वाटी घेतली, घास पुढे केला. त्याने वास घेतला आणि काकूंकडे बघितलं. मी काकांच्या आवाजात म्हटलं, "घे रे बाळा." त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तो काकूंकडेच बघत बसला.

काकूंनी वाटी परत घेतली. दोन शितं बोटांवर घेतली. बाळाने मान पुढे केली, जीभ बाहेर आली, आणि काकूंनी हात झटकन मागे ओढला.

"थांब," त्या म्हणाल्या. "मी हात धुऊन येते परत."

बेसिनपाशी त्यांनी तीन वेळा साबण लावला. बाळ वाटीला तोंड न लावता त्यांची वाट बघत बसून राहिला.